बॉनेटला घरी लूवर मारायचेत? प्रेस किती टनाची हे नंतर, आधी टेप काढ

साताऱ्याच्या एका मित्राचा प्रश्न आहे. जुनी महिंद्रा जीप आहे, यवतेश्वरचा घाट चढून कासला जाताना टेंपरेचरचा काटा वर सरकतो, म्हणून बॉनेटला दोन ओळींत मिळून १६ लूवर (पत्रा एका बाजूनं कापून वर उचललेल्या, गरम हवा बाहेर काढणाऱ्या फटी) मारायचेत. घरामागं शेड आहे, वेल्डिंग मशीन आहे, १० टनाचा बॉटल जॅक आहे. विचारलंय एवढंच की १० टनात भागंल का २० टनाची तयार प्रेस विकत घेऊ.

मी सांगलीचा, टूलरूममध्ये डाय फिटर म्हणून बरीच वर्षं काढली आणि आता कुपवाडला स्वतःचं छोटं शेड आहे, जुन्या गाड्यांचा पत्रा आणि छोट्यामोठ्या प्रेस टूल्सची कामं करतो. तर भावा, टन हा तुझा प्रॉब्लेमच नाही. तुझा प्रॉब्लेम असा की बॉनेट आहे साधारण मीटरभर रुंद आणि लूवर मारायचाय त्याच्या पोटात, म्हणजे पंच (पत्रा कापून दाबणारा ठोकळा) आणि डाय (तो ज्यात शिरतो तो साचा) तिथपर्यंत पोचली पाहिजे, आणि पोचून सुद्धा एकमेकांसमोर केसाइतकीही हलली नाही पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या २० टनी प्रेसमध्ये जोर भरपूर असतोय पण दोन खांबांमध्ये जागा किती, हातभर. बॉनेट आत जाणारच नाही. प्रेस घरी आल्यावर हे कळलं तर मग ती बेअरिंग काढायला तेवढी उपयोगी.

आधी टनाचा हिशोब उरकून टाकू म्हणजे डोक्यातनं जाईल. लूवरला एकाच बाजूनं पत्रा कापायचा असतो, बाकी तीन बाजूंनी तो नुसता ताणून वर उचलायचा. १०० मिमी लांबीचा लूवर, २० गेजचा म्हणजे ०.९ मिमी सीआरसीए (थंड लाटलेला) पत्रा, त्याची कापताना लागणारी ताकद धरा चौरस मिमीला ३०० न्यूटन. १०० गुणिले ०.९ गुणिले ३०० म्हणजे २७,००० न्यूटन, पावणेतीन टन झाले. ताणायला साधारण तेवढेच अजून धर, स्ट्रिपरचं, म्हणजे पत्रा पंचावरनं सोडवणारं रबर दाबायला थोडं, मी सहा टन धरून चालतो. खरं तर त्याहून कमीच लागतंय कारण पंचाचा आकार कलिंगडाच्या फोडीसारखा असतो, मधला भाग आधी टेकतो आणि काप मधनं दोन्ही टोकांकडं सरकत जातो, सगळी धार एकदम लागत नाही. तेव्हा १० टनाचा जॅक पुरतो आणि वर उरतो.

आता मुद्द्याचं. एवढ्या पत्र्याला कापायच्या धारेला पंच आणि डायमध्ये फट ठेवायची पत्र्याच्या जाडीच्या साधारण ५ टक्के. ०.९ चे ५ टक्के म्हणजे ०.०४५ मिमी, पन्नास मायक्रॉन पण नाही. जास्त झाली तर धारेला बर (वर आलेली खरखरीत कड) येतो आणि पत्रा कापण्याऐवजी फाटतो, कमी झाली तर पंच डायवर बसतो आणि धारेचा टवका उडतो. म्हणजे सहा टन जोर लावताना फ्रेम थोडीतरी वाकणारच, पण वाकून सुद्धा ही ०.०४५ ची फट जागेवर राहिली पाहिजे. लूवरची सगळी मेख इथं आहे.

माझी पहिली फ्रेम मी भंगारातला १५० चा (मिमी उंचीचा) गर्डर आणून केली होती, सी आकाराची, तोंडाची खोली म्हणजे थ्रोट ६५० मिमी. दिसायला दणकट. पहिल्याच दाबाला तिनं मगरीसारखा आ केला, जोर सोडल्यावरही तोंड पूर्ण मिटलंच नाही आणि एचसीएचसीआरचा (जास्त कार्बन, जास्त क्रोमियमचं टूल स्टील) नवाकोरा पंच कोपऱ्यात उडाला. हिशोब नंतर केला, शहाणपण नेहमी नंतरच सुचतंय. ६ टन म्हणजे ६०,००० न्यूटन, गर्डरच्या मध्यापर्यंत अंतर ७२५ मिमी, त्यानं गर्डरमध्ये ताण येतो चौरस मिमीला ४५० न्यूटनच्या आसपास. साधं एमएस म्हणजे माइल्ड स्टील २५० ला हात टेकतं. वाकणार नाही तर काय होणार. तीच फ्रेम ३०० च्या गर्डरची केली असती तर ताण ८०-८५ वर आला असता, पण वजन मीटरला ४५ किलोच्या आसपास, आणि त्यातही टोकं मिळून मिलीमीटरभर उघडतातच. सी फ्रेम उघडणारच, ती किती उघडती एवढंच आपल्या हातात.

पण त्या मोडक्या पंचानं एक गोष्ट शिकवली आणि तीच तुला सांगायचीय. फ्रेम आ करते तेव्हा पंच सरकतो तो फ्रेमच्या आडव्या हाताच्या दिशेनं, म्हणजे तोंडातनं बाहेरच्या बाजूला. आडवा, डावीउजवीकडं नाही सरकत. मी लूवरची कापायची धार हाताला काटकोनात बसवली होती, म्हणून फ्रेम उघडली की फट सरळ बदलायची. टूल ९० अंशात फिरवून लूवरची लांबी हाताच्या दिशेनंच लावली, मग फ्रेम उघडली तरी पंच धारेच्या लांबीत थोडा पुढं सरकतो, फट आहे तेवढीच राहते. टोकांना तर कापायचंच नसतंय, तिथं पत्र्याच्या जाडीची जागा आधीच सोडलेली असती. त्याच वाकड्या फ्रेमवर, गसेट (कोपऱ्यात त्रिकोणी आधारपट्टी) मारून, मी नंतर बरेच लूवर काढले. तेव्हा फ्रेम कुठलीही कर, धार हाताला समांतर.

तुझ्या बाबतीत तर सी फ्रेमची गरजच नाही असं माझं मत आहे. सी फ्रेम लागती मडगार्डला, दाराला, जिथं एकाच बाजूनं आत जाता येतं तिथं. जीपचं बॉनेट बिजागरीतनं सुटतं, सपाट आहे, एका बाजूनं घालून दुसऱ्या बाजूनं काढता येतं. तर गेट कर. दोन खांब, मध्ये मोकळी जागा १२०० मिमी, वर एक तुळई खाली एक तुळई, प्रत्येक तुळई १५० ची दोन चॅनेल पाठीला पाठ लावून, मध्ये १० मिमीची पॅकिंग. दोन्हीकडनं टेकू असल्यामुळं ही तुळई सहा टनाला मधोमध सुद्धा मिलीमीटरच्या आतच वाकती आणि ताण शंभराच्या खाली राहतो. त्याच जाडीचं लोखंड सी मध्ये लावलं असतं तर तुला आत्ताच सांगितलं काय होतं ते. घराच्या चौकटीला आणि छपराबाहेर काढलेल्या तुळईला जो फरक, तोच हा.

मोकळी जागा १२०० च का, तर तुझ्या बॉनेटची खरी रुंदी मोज आणि त्यात दीडशे-दोनशे मिळव. टूल गेटच्या मधोमध बसवू नको. एका खांबापासनं साधारण ३५० वर बसव, म्हणजे डावी ओळ मारून झाली की बॉनेट फिरवून उजवी ओळ मारता येईल आणि गेट फार रुंद करायला लागणार नाही.

आणि इथंच लोक फसतात म्हणून थांबून सांगतो. बॉनेट १८० अंशात फिरवलं की लूवरचं तोंड पण फिरतं! डाव्या ओळीची तोंडं काचेकडं आणि उजवीची रेडिएटरकडं. ओळखीतल्या एकानं रंगाला गाडी दिल्यावर हे बघितलं, रंगारी म्हणाला डिझाईन आहे काय हे. तेव्हा पंच आणि डाय दोन्ही १८० अंशात उलटे बसतील अशी सोय पहिल्यापासनं ठेव, दोन्हीला बरोबर मध्यावर दोन-दोन डॉवेल पिना (जागा पक्की धरणाऱ्या), बोल्ट काढला, फिरवला, परत बसवला. पिनांचं अंतर मध्यापासनं सारखं नसलं तर फिरवल्यावर फट बदलंल, त्यामुळं ते ड्रिल मशीनवर अंदाजानं नको, मिलिंगवाल्याकडनं करून घे.

आता जॅक. बॉटल जॅक उलटा टांगला तर चालत नाही, आतला तेल ओढायचा रस्ता खाली राहिला पाहिजे, उलटा केला की हवा ओढतो. म्हणून जॅक खालच्या तुळईवर उभा आणि तो वरच्या दिशेनं ढकलणार. म्हणजे पंच खाली, डाय वर. सुरवातीला विचित्र वाटतं पण हेच बरं पडतं, कारण बॉनेट सरळ ठेवता येतं, रंगाची बाजू वर, लूवर वरच्या दिशेनं फुगतो आणि आखलेल्या रेघा डोळ्यांसमोर राहतात. पंचाभोवती पीयू रबरचा ठोकळा लाव, ८०-९० शोअर कडकपणाचा, पंचापेक्षा २ मिमी उंच. तो आधी पत्रा डायला दाबून धरतो, मग पंच कापतो, आणि परत येताना पत्रा पंचावरनं सोडवतो. हे रबर नसलं तर लूवरच्या भोवती पत्र्याला झोल पडतो आणि तो झोल मग डॉली-हातोड्यानं काढत बसावं लागतं.

जॅकच्या दांड्यावर पंच सरळ बसवू नको एवढं मात्र पाळ. लूवर एका बाजूनंच कापला जातो त्यामुळं पंचाला आडवा रेटा बसतो, धारेपासनं लांब ढकलणारा. साध्या एकतर्फी कापायच्या डायमध्ये पंचाला मागनं टाच देतात, ती आधी डायमध्ये शिरते आणि हा रेटा घेते, पण लूवरमध्ये मागच्या बाजूला अख्खा पत्रा आहे, टाच शिरणार कुठनं. म्हणून तो सगळा रेटा गाईडनं घ्यायचा. ५० मिमीचा ग्राइंड केलेला दांडा, तो ज्यात सरकतो ते १०० मिमी लांब ब्रॉन्झचं बुश, आणि दांडा गोल फिरू नये म्हणून खाचेत बसणारी चावी. जॅकनं फक्त खालनं ढकलायचं, सरळ ठेवायचं काम बुशचं. बुश आखूड केलं तर पहिले दहा लूवर छान येतील आणि मग काय बिघडलं ते कळणार नाही. तुळईची दोन चॅनेल पण त्याच कारणानं टूलच्या जागी वरखाली प्लेटा मारून पेटीसारखी बंद कर, उघडी चॅनेल पिळवटतात. जॅक परत खाली यायला दोन्ही बाजूला स्प्रिंग लाव, नाहीतर दर वेळी हातानं दाबत बसशील.

पंच-डायचं मटेरियल किती लूवर मारणार त्यावर आहे. तुझे १६ आणि वर मित्रांच्या दोन गाड्या एवढंच असेल तर ओएचएनएस (तेलात कडक होणारं टूल स्टील) भरपूर झालं, ८०० अंशांच्या आसपास तापवून तेलात विझवायचं, मग २०० ला टेंपर, ६० च्या आसपास रॉकवेल कडकपणा येतो. हीट ट्रीटमेंटवाले कुपवाडला पण आहेत, सातारा एमआयडीसीत पण आहेत, घरी भट्टीवर रंग बघून करू नको, धार एका टोकाला कडक एका टोकाला मऊ होते. एचसीएचसीआर घेतलं तर टिकंल जास्त पण धारेचा टवका पण लवकर उडतो, माझं तेच झालं, आणि फ्रेम घरगुती असताना थोडं चिवट स्टील परवडतं. धार सोडून पंचाचा बाकी सगळा आकार गुळगुळीत पॉलिश पाहिजे, आरशासारखा नाही पण बोट फिरवलं तर कुठं अडकू नये. आणि काप जिथं संपतो ती दोन टोकं, तिथं धार एकदम टोकदार संपवायची नाही, दीड-दोन मिमीची गोलाई देऊन मिटवत न्यायची. लूवर फाटतो तो कायम याच कोपऱ्यातनं.

उंची १० मिमीच्या वर जाऊ नको. जुन्या जीपचा पत्रा कुठल्या ग्रेडचा ते कुणाला माहीत, वर तो चाळीस वर्षं ठोकून घेतलेला. नवा पत्रा आणणार असशील तर साधा डी ग्रेड न घेता डीडी किंवा ईडीडी माग, आयएस ५१३ या पत्र्याच्या भारतीय मानकातल्या ग्रेडींची जुनी नावं आहेत ही, ताणाला जास्त देतात. मारायच्या आधी बॉनेट दोन्ही बाजूनं उघडं कर, रंग, पुट्टी, खालचं डांबर सगळं. पुट्टी असलेल्या जागी लूवर मारला तर पुट्टी तर उडतेच, पण तिथं आधी कुणीतरी ठोकून पत्रा पातळ केलेला असतो आणि तो नेमका फाटतो. खालनं स्पॉट वेल्डनं जोडलेल्या पट्ट्या असतात त्या चुकवून आखणी कर. ओळीत दोन लूवरमध्ये मी धारेपासनं धारेपर्यंत ३८-४० मिमी ठेवतो. पहिल्या लूवरमध्ये अडकंल असा एक ठोकळा टूलच्या शेजारी बोल्टनं बसव, पुढचं अंतर आपोआप मिळतं, टेपनं मोजून मारलेली ओळ लांबनं बघितली की सापासारखी दिसते. पत्र्याला मारायच्या जागी गिअर ऑइल लाव, महागडं काही नको.

आणि प्रत्येक लूवर आजूबाजूचा पत्रा थोडा स्वतःकडं ओढतो, आठ लूवर झाले की बॉनेटला त्या ओळीत वेगळाच बाक आलेला दिसतो. घाबरू नको, पण म्हणून एक ओळ संपवून दुसरी घेण्यापेक्षा डावीकडं चार, टूल फिरवून उजवीकडं चार, मग परत असं केलेलं बरं. टूल तीनदा फिरवायला लागंल, कंटाळा येईल, पण बॉनेट दोन्हीकडं सारखं राहील.

हे सगळं वाचून डोकं गरगरलं असेल तर दोन सोपे रस्ते पण आहेत, आणि खरं सांगायचं तर १६ लूवरसाठी गेट, गाईड, डाय हे सगळं करणं म्हणजे आवड असेल तरच. पहिला रस्ता, इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्याकडं जा. पॅनेलच्या दारांना लूवर मारणं हे त्यांचं रोजचं काम, कुपवाड, मिरज, सातारा, कुठल्याही एमआयडीसीत एखादा भेटतोच, काहींच्याकडं सीएनसी टरेट पंच (संगणकावर चालणारी पंचिंग मशीन) असतो आणि त्यात लूवरचं टूल तयारच असतंय. १ मिमीच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या लूवर मारून घे, बॉनेटला दोन खिडक्या काप आणि पट्ट्या खालनं रबर गॅस्केट घालून बोल्टनं बसव. वेल्डिंग टाळ, एवढा पातळ पत्रा तापला की लाटा येतात. उंची त्यांच्या टूलची असंल तेवढीच मिळंल, बहुतेक १० पेक्षा कमी.

दुसरा रस्ता, चार-सहाच लूवर पाहिजे असतील तर प्रेसच नको. ग्राइंडरला १ मिमीची कटिंग डिस्क लावून चीर पाड, टोकांना २ मिमीची भोकं मार म्हणजे चीर पुढं फाटत जात नाही, मग २० मिमी प्लेटमध्ये लूवरच्या आकाराचा खाच काढून ती वरनं क्लॅम्प कर आणि खालनं बाभळीच्या लाकडाचा आकार दिलेला ठोकळा ठेवून ठोकत उचल. कापायचं काम आधीच झालेलं असल्यामुळं फट, गाईड, टन कशाचीच भानगड नाही. एका लूवरला अर्धा तास जातो आणि सगळे अगदी सारखे येत नाहीत, पण जुन्या जीपला ते शोभतं पण.

अॅल्युमिनियमचं बॉनेट असंल किंवा आजकालच्या गाड्यांचं दोन पदरी बॉनेट असंल तर यातलं निम्मं लागू पडत नाही, आतला पदर कापल्याशिवाय पंच पोचतच नाही आणि तो पदर बॉनेटची ताकद असतो. तुझ्या जीपला हा प्रश्न नाही म्हणून त्यात शिरत नाही.

राहिलं गाडी तापायचं. लूवर मारायच्या आधी रेडिएटर उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घे, थर्मोस्टॅट बघ, आणि फॅनभोवतीचा श्राउड (हवा रेडिएटरमधनंच ओढायला लावणारं कडं) आहे का बघ, जुन्या जीपांचा बहुतेक कुणीतरी काढून टाकलेला असतो. श्राउड नसताना फॅन तीच गरम हवा गोल फिरवत बसतो. घाटात गाडी दुसऱ्या गिअरला, वेग नाही, तिथं लूवर मदत करतात ती गरम हवा वर निघून जायला. त्यासाठी ते रेडिएटरच्या मागं, बॉनेटच्या पुढच्या अर्ध्या-पाऊण भागात पाहिजेत, तोंडं काचेकडं. काचेच्या पायथ्याशी मारू नको, वेगात तिथं हवेचा दाब जास्त असतो, हवा बाहेर पडायच्या ऐवजी आत शिरते. आणि कासला पावसाळ्यात जाणारच असशील, इंजिन पेट्रोल असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यावर एक लूवर येणार नाही असं बघ किंवा खालनं पन्हाळीसारखी पट्टी लाव. डिझेलला तेवढं टेन्शन नाही, पण अल्टरनेटर कुठं येतो ते बघच. आरटीओचं म्हणशील तर मोटार वाहन कायद्यात गाडीत बदल करायचं कलम ५२ आहे, बॉनेटच्या लूवरसाठी मला कुणी अडवलेलं नाही, तरी पासिंग जवळ आलं असंल तर आधी तिथं विचारून घे.

लोखंड आणायच्या आधी दोन गोष्टी कळव. बॉनेटची रुंदी सगळ्यात रुंद जागी किती, आणि लूवरच्या ओळीचा मध्य बाजूच्या काठापासनं किती आत येतो. हे दोन आकडे मिळाले की तुळईची लांबी आणि टूलची जागा काढून देतो, आणि पत्रा किती गेजचा ते मायक्रोमीटरनं बघ, रंग खरवडून, चार ठिकाणी.